बियर शिकून आलेला बन्सीलाल

बन्सीलाल जर्मनीहून परत आला तेव्हा १९११ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि गोमाईकाठच्या मळ्यांमध्ये गुऱ्हाळं लागत होती. त्याला आणायला वडील, गिरधर पाटील, स्वतः बैलगाडी घेऊन नंदुरबार स्टेशनावर गेले. प्रकाशाला तापी ओलांडताना नावेत ते मुलाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. संध्याकाळी ओट्यावर आसपासच्या गावांतली माणसं जमणार आहेत, तेव्हा काय शिकून आलास ते नीट, सगळ्यांना कळेल असं सांग. बन्सीलाल मान हलवत राहिला आणि पाण्याकडे बघत राहिला.

शहादा भागात गिरधर पाटलांच्या गुळाला नाव होतं. मुलगा पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकला, मग मुंबईच्या एका मंडळाने उद्योगधंदे शिकण्यासाठी परदेशी पाठवायचे तरुण निवडले त्यात त्याचंही नाव आलं, तेव्हा साखर शिकून यायचं असं बापलेकांत ठरलं होतं. त्या दिवसापासून पाटलांच्या डोळ्यांपुढे गोमाईच्या काठावर साखरेचा कारखाना उभा होता. चिमणी कुठे असेल तेही त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं.

संध्याकाळी माणसं जमली. चहा झाला. पाटील म्हणाले, "हां बन्सी, सांग आते. काय शिकीसन उना?"

बन्सीलालने बोटीवर या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही त्याला आता खरं वाटेना. तो म्हणाला, "आबा, साखर मी एकच वरीस शिकनू. मंग सोडी दिन्ही. मी बियर कराले शिकनू."

बियर म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला एक हवालदार बसला होता, त्याने हलक्या आवाजात शेजाऱ्याला सांगितलं की साहेब लोक पितात ती दारू. ते ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचलं. गिरधर पाटील रागावले नाहीत. ते उठले, दिवा आत घ्यायला सांगितला आणि घरात निघून गेले. त्यानंतर ते मुलाशी बोलेनासे झाले.

त्याने साखर का सोडली, हे त्याला त्या संध्याकाळी कुणी विचारलंच नाही. जर्मनीत साखर उसाची नव्हे, बीट नावाच्या कंदाची. सगळी यंत्रं त्या कंदासाठी बनवलेली. वर्षभर तो कंद धुतले जाताना, चिरले जाताना बघत होता आणि यातलं आपल्या मळ्यात काय चालेल याचा हिशेब काही केल्या जुळत नव्हता. राहायला होता ती गल्ली एका लहानशा बियर कारखान्यामागे होती. पहिल्याच हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असताना, त्या कारखान्यातून भाजलेल्या दाण्याचा वास आला. माय चुलीवर ज्वारी भाजते तसाच. तो घर सोडून आल्यापासून पहिल्यांदा रडला. दुसऱ्या दिवशी त्याने त्या कारखान्याचं दार ठोठावलं. आत लादीवर ओले जव पसरले होते, प्रत्येक दाण्याला पांढरा मोड फुटत होता आणि एक म्हातारा लाकडी फावड्याने रास हळूहळू पालटत होता. बन्सीलाल बराच वेळ उभा राहून बघत राहिला. पुढच्या वर्षी साखरेची शाळा सोडून त्याने म्युनिकला बियरच्या शाळेत नाव घातलं. घरी मात्र ते कळवण्याचा धीर त्याला झाला नाही. पुढे सांगू, भेटल्यावर सांगू, असं करत चार वर्षं गेली.

भाऊबंद जमले. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त नाशिकला जाऊन घ्यावं, असं त्यांनी सांगितलं. बन्सीलाल त्याला तयार झाला. पण गिरधर पाटलांनी दुसऱ्याकरवी आणखी एक निरोप पाठवला. प्रकाशाच्या संगमावर पाण्यात उभं राहून शपथ घ्यायची, की या धंद्याला पुन्हा हात लावणार नाही. बन्सीलालने त्याला नकार दिला. पाळता येणार नाही अशी शपथ मी घेणार नाही, असं त्याने सांगितलं. मग घरात राहणं दोघांनाही अवघड झालं आणि तो मळ्यातल्या खोपीत राहायला गेला. त्याची बायको कोकिळा आपली वळकटी घेऊन त्याच्या मागोमाग निघाली. सासू, निर्मलाबाई, दारात उभी राहून रडली, पण तिला अडवलं नाही. उलट पिठाची पाटी तिच्या डोक्यावर ठेवली.

कोकिळेचं लग्न झालं तेव्हा ती लहान होती. नवरा आधी पुण्याला, मग समुद्रापार. त्याच्याशी मोकळेपणाने बोलण्याची संधी तिला खोपीतच पहिल्यांदा मिळाली. ती धीट होती. लोणची, पापड, कुरडया यांत तिचा हात असा होता की शेजारपाजारच्या बायका आपलं आंबवण बिघडलं की तिला बोलावून वास घ्यायला लावत.

खोपीला लागूनच गुऱ्हाळ होतं. गिरधर पाटील दिवसभर काहिलीपाशी असत. रस उकळायला लागला की वर आलेली मळी काढत, रानभेंडीचा चीक घालून रस निवळत आणि पाक पाण्यात टाकून, बोटांनी चाचपून, गूळ केव्हा उतरवायचा ते ठरवत. त्यांच्या हाताखाली रायसिंग होता. तो अक्राणीच्या डोंगरातला, दरवर्षी हंगामाला खाली येणारा. बाप आणि मुलगा एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राबत होते. बन्सीलाल ऊस तोडायचा, मोळ्या चरकाशी आणून टाकायचा. बाप त्या मोळ्या घ्यायचा.

काही दिवसांनी एका दुपारी भाकरी वाढताना कोकिळेने विचारलं, "तुम्हीन ती पेयेल शे?"

"हां," तो म्हणाला. "चव लेवाबिगर शिकता येस नही."

ती उठून बाहेर गेली. दोन दिवस तिने कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी मात्र, ज्वारी पाखडत असताना, तिने मान वर न करता दुसरा प्रश्न विचारला. चव कशी असते? बन्सीलालने सांगितलं की कडवट असते. हॉप नावाच्या वेलीची फुलं त्यात उकळतात, त्याचा कडूपणा. कडू असून लोक आवडीने पितात, याचं तिला नवल वाटलं. तो म्हणाला, आपण कारलं खातोच ना. तिला ते पटलं. पुढे बियर कशी करतात हेही तिने विचारून घेतलं. दाणा भिजवायचा, मोड आणायचा, वाळवून भाजायचा, भरडून कोमट पाण्यात ठेवायचा की पाणी गोड होतं. ते गाळून फुलांबरोबर उकळायचं आणि गार झालं की खमीर घालायचं. खमीर म्हणजे जिलबीच्या पिठाला येतं तेच ना, एवढं तिने विचारलं. हो म्हटल्यावर ती म्हणाली, मग यात न समजण्यासारखं काही नाही.

तेव्हापासून दुपारची वेळ गोष्टींची झाली. कधी ती तूर निवडत असे, कधी गोधडीला टाके घालत असे. तो सांगत असे.

त्याने म्युनिकची काळसर बियर सांगितली. तिथे जव जरा जास्त भाजतात, म्हणून रंग गुळाच्या पाकासारखा येतो आणि चवीत भाकरीच्या पापुद्र्याचा खरपूसपणा असतो. डोंगराखालच्या तळघरांत नदीतल्या बर्फाच्या लाद्या रचून ती महिनोन्‌महिने थंड ठेवतात. तिथले मठातले साधू उपासाच्या दिवसांत जेवत नाहीत, पण बियर पितात, कारण ती त्यांच्या हिशेबात पातळ भाकरीच. उपासाला दारू चालते हे ऐकून कोकिळा इतकी हसली की तूर सांडली. मग त्याने पिल्झेन गावाची सोनेरी बियर सांगितली. तिथलं पाणी एवढं मऊ, की साबण एकदा लावला तर निघता निघत नाही. म्हणूनच ती बियर इतकी नितळ होते. पेल्याच्या पलीकडे धरलेलं बोट दिसतं.

"आपलं पानी?" तिने विचारलं.

आपल्या विहिरीचं पाणी जड आहे, त्याने सांगितलं. जड पाण्यात काळी बियर चांगली होते. लंडनला तशीच करतात. ओझी वाहणारे हमाल ती पीत, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं. इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी मुद्दाम वेगळी बियर काढली होती. बोटीच्या लांबच्या प्रवासात नासू नये म्हणून तिच्यात कडू फुलं जास्त. नंदुरबारला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यामागे बाटल्या पडलेल्या दिसतात, त्या तिच्याच असतील.

बांबर्ग नावाच्या गावाची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. तिथे जव लाकडाच्या धुरावर वाळवतात आणि त्या बियरला धुराचा वास येतो. प्रवासी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतात, गावकरी मात्र त्याशिवाय दुसरी पीत नाहीत. कोकिळा म्हणाली, पावसाळ्यात ओल्या लाकडांवर केलेल्या भाकरीला तसाच वास येतो, आणि लहानपणापासून त्याची सवय असलेल्याला तोच आवडतो. बर्लिनची पांढरट, आंबट बियर तिला ताकासारखी वाटली. लोक त्यात तांबडं सरबत घालतात हे मात्र आवडलं नाही. रशियात वाळलेल्या भाकरी भिजवून घराघरांत बायका एक पातळ, आंबूस पेय करतात, ते लहान मुलंही पितात. ते करून बघण्यासारखं आहे, असं ती म्हणाली.

बेल्जियमची गोष्ट सांगताना बन्सीलाल स्वतःच उठून उभा राहायचा. त्याच्याबरोबर शिकणारा एक तरुण तिथला होता. त्याच्या गावी उकळलेला रस छपराखालच्या मोठ्या, उथळ भांड्यात ओततात आणि हिवाळ्याच्या रात्रभर खिडक्या उघड्या ठेवतात. खमीर कुणी घालत नाही. हवेतून जे येईल ते येईल. मग लाकडी पिंपांत दोन-तीन वर्षं.

"आणि नासी गयं तं?" कोकिळेने विचारलं.

कधीकधी नासतं, तो म्हणाला. पण जे टिकतं तसं जगात दुसरं काही नसतं. म्हणून तिथले लोक कारखान्याच्या छतावरची कोळ्याची जाळीसुद्धा काढत नाहीत. त्या खोलीची हवा बदलू नये म्हणून.

रायसिंग जेवणाच्या सुट्टीत खोपीच्या सावलीला बसत असे. तोही ऐकू लागला. त्याच्या घरी मोहाची दारू काढत, सणाला, लग्नाला. त्याने एकदाच प्रश्न विचारला. "दादा, तठे पह्यला घोट कोणले देतस?"

बन्सीलालला जर्मनीतलं काही आठवेना. मग त्याला एक सहाध्यायी आठवला, ज्याचं बालपण आफ्रिकेत बापाच्या मळ्यावर गेलं होतं. तो सांगायचा की तिथली माणसं ज्वारीची बियर करतात. मोठ्या मडक्यात, दाट, गुलाबी, बुडबुडे येत असतानाच प्यायची. सगळे मडक्याभोवती बसतात. आणि पहिला घोट जमिनीवर ओततात, मेलेल्या आजा-पणजांसाठी.

"मंग ती मान्सं आमनीच शेतस," रायसिंग म्हणाला आणि समाधानाने बिडी पेटवली.

कोकिळेच्या हातातली सुई मात्र थांबली होती. "ज्वारी? आपली ज्वारी?"

"आपलीच."

ती पुन्हा टाके घालू लागली.

पौषात निर्मलाबाईंना ताप आला. मुदतीचा ताप. तो उतरला तेव्हा त्या अंथरुणाला चिकटून गेल्या होत्या. शहाद्याचे वैद्य म्हणाले की रोग गेला आहे, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. पण अन्नच जात नव्हतं. ज्वारीच्या पिठाचा घट्ट घाटा दिला तर घशाखाली उतरेना. पाणी घालून पेज केली तर ती उतरे, पण पेजेत दाणा तो किती असणार? कोकिळा सासूच्या सेवेला घरी गेली. दिवसेंदिवस त्या अधिकच सुकत चालल्या होत्या. गिरधर पाटील सकाळ-संध्याकाळ उंबऱ्यात येऊन उभे राहत आणि काही न विचारता परत जात.

एका सकाळी कोकिळा तडक मळ्यात आली. तिने नवऱ्याला विचारलं की दाण्याला मोड आणून तो भरडला की पाणी गोड होतं, असं तुम्ही सांगितलं होतं. मग घट्ट घाट्यात तेच पीठ घातलं तर काय होईल? चार वर्षं बन्सीलाल हेच शिकला होता आणि आईच्या आजारात त्याला हे सुचलं नव्हतं. घाटा पातळ होईल, तो म्हणाला. दाणा तेवढाच राहील, पण पिण्यासारखा होईल.

त्यात एक भीती होती आणि ती रायसिंगने बोलून दाखवली. कोवळी ज्वारी खाऊन गुरं मरतात, हे त्या भागातलं शेंबडं पोरही जाणतं. मोडात तेच विष असणार. बन्सीलालने ते नाकारलं नाही. विष कोंबात आणि मुळात असतं, दाण्यात नाही, असं आफ्रिकेत वाढलेला तो सहाध्यायी सांगायचा. वाळवून कोंब-मुळं चोळून पाखडून टाकायची आणि शेवटी सगळं चांगलं उकळायचं. पण त्याने ज्वारीचे मोड स्वतः कधी केले नव्हते. जवाची गोष्ट वेगळी.

पहिली ज्वारी बुरसली. रात्री गारठा, दिवसा ऊन, आणि ओलं गोणपाट जास्त वेळ तसंच राहिलं. दुसऱ्या वेळी कोकिळेने काम स्वतःच्या हातात घेतलं. गुऱ्हाळाच्या चुलाणामागे, उबेला, तिने ज्वारी पसरली आणि जर्मनीतल्या त्या म्हाताऱ्यासारखी हाताने पालटत राहिली. मोड सारखे फुटले. कडकडीत उन्हात वाळवून तिने दाणे सुपात चोळले, पुन्हा पुन्हा पाखडले, जोवर एक तूसही दिसेना. मग दोघांनी जात्यावर भरडून त्याचा घाटा शिजवला. खाण्याआधी बन्सीलालने तिला थांबवलं. आधी मी एकटा खाईन, तो म्हणाला. तिने ऐकलं नाही. दोघांनी खाल्लं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्लं, आणि दोघांनाही काही झालं नाही.

सासूला हे चोरून द्यायचं नाही, असं कोकिळेने ठरवलं होतं. ती पातेल्यात गरम, घट्ट घाटा घेऊन गुऱ्हाळावर गेली आणि काहिलीपाशी बसलेल्या सासऱ्यांसमोर ते ठेवलं. बन्सीलाल मागे, मोळ्यांच्या ढिगाशी उभा होता. तिने घाट्यात पळी उभी केली. ती पडली नाही. मग बोट सोसेल न सोसेल इतका घाटा निवल्यावर तिने त्यात मूठभर भरडलेलं पीठ टाकलं आणि ढवळू लागली.

गिरधर पाटील आधी काहिलीकडेच बघत होते. मग त्यांची मान वळली. पळी सैल झाली, मग तिरपी झाली, मग पातेल्याच्या काठावर पडली. पाणी न घालता घाटा रसासारखा पातळ झाला होता. कोकिळेने तो चुलाणावर ठेवून उकळला आणि वाटीत ओतून पुढे केला. ते गुळाचं माणूस. त्यांनी आधी वास घेतला, मग जिभेच्या टोकावर घेतलं आणि बराच वेळ तोंडात घोळवलं.

"गूळ कितला घाला?" त्यांनी विचारलं.

"गूळ नही, आबा. कणभर बी नही."

पाटलांनी सुनेच्या खांद्यावरून मोळ्यांच्या ढिगाकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी ते मुलाशी बोलले. "मंग गोड कोठून उनं?"

बन्सीलाल जवळ आला. "दाणामाच ऱ्हास, आबा. मोड उना का दाणा आपला साठा मोकळा करस. बियरनं पह्यलं काम हाईच शे."

पाटलांनी आणखी एक घोट घेतला. तू आणि हिने हे खाल्लं आहे का, एवढं त्यांनी विचारलं. दोघांनी हो म्हटलं. मग त्यांनी काहील रायसिंगवर सोपवली. उकळता पाक सोडून उठलेले गिरधर पाटील त्याने आजवर पाहिले नव्हते. पातेलं फडक्यात धरून ते स्वतः घरी गेले आणि बायकोच्या उशाशी बसले. निर्मलाबाईंनी पहिल्या दिवशी अर्धी वाटी घेतली. नंतर पूर्ण. माघ संपता संपता त्या अंगणात येऊन बसू लागल्या आणि कोकिळेला, मोड किती दिवसांत येतात ते विचारू लागल्या.

मुलाला घरी बोलवायला माणूस गेला नाही. गिरधर पाटील स्वतः गेले. गुऱ्हाळाचा हंगाम उलगडला होता, चरक सोडवून ठेवला होता. ते खोपीबाहेर खाटेवर बसले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी बन्सीलालला अर्धवटच माहीत होती. त्यांचा धाकटा भाऊ, नथ्थू. गुळाच्या गाड्या घेऊन नंदुरबारला जायचा. तिथल्या गुत्त्यावर बसू लागला. आधी बाजाराच्या दिवशी, मग रोज. एका पावसाळ्यात तो परत आलाच नाही. गिरधर पाटलांनी त्याचं प्रेत नदीकाठावरून खांद्यावर आणलं होतं. ओट्यावर त्या संध्याकाळी मुलाने बियर म्हटलं तेव्हा त्यांना दुसरं काही दिसलंच नव्हतं.

"माले खरं सांग," ते म्हणाले. "बियर पेईसन मानूस मरस का?"

नाही म्हणणं सोपं होतं. बन्सीलालने क्षणभर तसा विचारही केला. "मरस, आबा," तो म्हणाला. "तठे बी मी देख्यात तसा मान्सं. ती दारूपेक्षा कमी चढस. पन जो थांबस नही त्याले ती बी बुडावस."

मग त्यांनी विचारलं की तुला हे काम करायचंच आहे का. बन्सीलालने हो म्हटलं. त्याने सांगितलं की दाण्याला मोड फुटताना बघतो तेव्हा त्याला जे वाटतं, ते साखरेच्या यंत्रांपुढे कधी वाटलं नाही. हे त्याने कोकिळेखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. पाटलांनी शपथेचा विषय पुन्हा काढला नाही. "चाल घर," ते उठत म्हणाले. "तुन्ही माय वाट देखी ऱ्हायनी."

उन्हाळ्यात निलगिरीच्या डोंगरातून बोलावणं आलं. तिथल्या एका लहान बियर कारखान्यात जर्मन शाळेत शिकलेला माणूस हवा होता आणि म्युनिकच्या शिक्षकांनी बन्सीलालचं नाव सुचवलं होतं. भाऊबंद पुन्हा जमले. पोराला आवरा, घराण्याचं नाव जाईल, असं बोलणं झालं. गिरधर पाटलांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, "मी पेवाव नही. मन्हा घरमा ती येवाव नही. पन तो ते काम चोख करी, हाई माले माहीत शे." दोन घरांनी त्यांच्याकडे जेवायला येणं सोडलं. एक घर पुढे वर्षभराने परत आलं, दुसरं आलं नाही.

कोकिळा नवऱ्याबरोबर गेली. तिने कधी घोटभरही बियर चाखली नाही, माहेरी-सासरी दोन्हीकडे माळकरी घर, आणि तिला तशी इच्छाही नव्हती. पण पिंपापाशी उभं राहून, नाक जवळ नेऊन, खमीर निरोगी आहे की बिघडतंय ते ती सांगे, आणि कारखान्याचा मालक, जो आधी हसला होता, तिच्याशिवाय पिंप उघडेनासा झाला. बन्सीलालने तिथे काळी बियर केली, पिल्झेनसारखी सोनेरी केली, कारण डोंगराचं पाणी मऊ होतं. एकदा हौसेने धुराची केली, ती मालकाला आवडली नाही, पण कारखान्याच्या बागेतल्या माळ्यांनी संपवली.

पुढच्या हिवाळ्यात गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आत गिरधर पाटील आणि निर्मलाबाई मुलाकडे गेले. निर्मलाबाई सुनेच्या घरी थांबल्या, तिला दिवस गेले होते. पाटील कारखाना बघायला आले. तांब्याच्या मोठ्या हंड्यांसमोर ते फारसे थांबले नाहीत, पिंपांच्या खोलीत तर पाऊलही टाकलं नाही. पण बन्सीलालने त्यांना मोड आणायच्या खोलीत नेलं तेव्हा ते दारातच उभे राहिले. लांबलचक लादी, तिच्यावर ओल्या जवाची रास, आणि सगळीकडे काकडीसारखा गार, ओला वास.

पाटलांनी जोडे काढून दाराबाहेर ठेवले. धान्यात चपला घालून जायचं नसतं. ते राशीत हात घालून बसले, मूठभर दाणे वर काढले आणि एकेक मोड निरखत राहिले.

"हाई तं खळंच शे," ते म्हणाले.

रास पालटायची वेळ झाली होती. कामगार लाकडी फावडं घेऊन आला. पाटलांनी ते त्याच्याकडून मागून घेतलं, धोतर वर खोचलं आणि एका टोकापासून सुरुवात केली. बन्सीलाल दुसरं फावडं घेऊन दुसऱ्या टोकाला उभा राहिला. रास पालटत दोघं मधोमध भेटले. मग पाटलांनी घाम पुसला आणि पुन्हा केव्हा पालटायची ते विचारलं. संध्याकाळी, बन्सीलाल म्हणाला. तर मग मी संध्याकाळी येतो, असं सांगून पाटील जोडे घालून सुनेकडे जेवायला निघाले.